चौदा सेकंद जादा

१

हरिहर मुळ्यांनी रत्नागिरीच्या न्यायालयात पस्तीस वर्षं अभिलेख सांभाळले. सोप्या भाषेत सांगायचं तर लोकांच्या भांडणांची पानं मोजली. प्रकरण आत आलं की पानं मोजायची, बाहेर गेलं की मोजायची, परत आलं की पुन्हा मोजायची. नव्याने लागलेल्या प्रत्येक कारकुनाला ते एकच धडा देत. "पान कमी भरलं तर घाबरू नकोस. कुणी काढलं असेल, नाहीतर वाळवीने खाल्लं असेल. पान जास्त भरलं तर मात्र घाबर. ते कुणीतरी आत आणून ठेवलेलं असतं."

निवृत्त झाल्यावर माणूस देवळाकडे वळतो किंवा वर्तमानपत्रांना पत्रं लिहू लागतो. हरिहररावांनी हे दोन्ही टाळलं आणि कॉम्प्युटर घेतला. ओटीच्या उजव्या हाताला एक खोली होती, दाराला पडदा असलेली. तिथे तो बसवला. देवरूखकडचा बाबू लग्नामुंजींचं शूटिंग करी आणि टेपा आणून देई. हरिहरराव त्या कापत, जोडत, वर सनई चढवत. बाबूच्या गिऱ्हाइकांना नवरी कमळातून उगवलेली लागे. तीही ते उगवून देत. पस्तीस वर्षं मोडलेले संसार पाहिल्यावर सुरुवातीचे संसार पाहायला त्यांना बरं वाटे.

तक्रार एवढीच होती की यंत्र जुनं होतं. टेप आत घेताना ते मधल्या चौकटी गाळी. भटजींचा हात अक्षतांच्या ताटातून एकदम नवऱ्याच्या डोक्यावर उगवे. गिऱ्हाईक काही बोलत नसे, पण हरिहररावांना ते सहन होत नसे. सेकंदाला पंचवीस चौकटी, म्हणजे त्यांच्या लेखी सेकंदाला पंचवीस पानं. ती अशी परस्पर गहाळ व्हायची म्हणजे काय?

२

दोन हजार तीन सालच्या एप्रिलात, लग्नसराई अंगावर यायच्या आत, मारुती मंदिराजवळच्या दुकानातून सलिल आला. त्याने पेटी उघडली. आत गंज, कोळ्याची जाळी आणि पालीची दोन अंडी होती.

"काका, हे यंत्र पत्रं टाइप करायला ठीक आहे," सलिल म्हणाला. "ह्याच्यावर लग्नं लावू नका."

मग मुंबईहून सामान आलं. नवा मदरबोर्ड, पेंटियम फोर, एक जीबीची रॅम, ऐंशी जीबीची सीलबंद हार्ड डिस्क आणि कॅमेऱ्यातून थेट टेप घ्यायचं कार्ड. सलिल दिवसभर पेचकस घेऊन बसला. जाताना म्हणाला, "आता एक चौकटही गळणार नाही."

पद्मजाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "एवढं सगळं बदललंत, मग जुनं काय राहिलं?"

"बाहेरची पेटी आणि हा मॉनिटर."

"आणि तुम्ही," असं म्हणून त्या चहा टाकायला गेल्या.

पहिली टेप माळनाक्यावरच्या एका कार्यालयातल्या लग्नाची होती. बाबूच्या कॅमेऱ्याने अठ्ठावन्न मिनिटं वीस सेकंद दाखवले. हरिहररावांनी कागदावर लिहून घेतले. तासाभराने टेप यंत्रात उतरली. यंत्राने दाखवले अठ्ठावन्न मिनिटं चौतीस सेकंद.

चौदा सेकंद जादा.

त्यांनी शेवट लावून पाहिला. बाबूचा शेवट ठरलेला असे. नवरीची गाडी फाटकातून वळली की कॅमेरा बंद. इथेही गाडी वळली. आणि मग, काळं व्हायच्या जागी, रिकामं कार्यालय आलं. दुपारचं ऊन तिरपं आत पडलेलं. खुर्च्यांच्या रांगा. माणूस एकही नाही. चित्र किंचित हलत होतं, हातात धरलेल्या कॅमेऱ्याचं हलतं तसं. आणि मागून आवाज येत होता, सुकी झावळी जमिनीवरून ओढत न्यावी तसा. खर्रर्र, आणि जरा थांबून पुन्हा खर्रर्र.

झावळी ओढल्याचा आवाज रत्नागिरीत कुणाला नवा नाही. पण कार्यालयाच्या फरशीवर झावळी कोण कशाला ओढील, एवढाच प्रश्न होता.

त्यांनी बाबूला फोन केला.

"काका, गाडी वळली की मी क्यामेरा पिशवीत टाकतो नि पंगतीला पळतो," बाबू म्हणाला. "त्या दिवशी तर जिलबी व्हती. मी परत हॉलात कशाला जातोय?"

"मग हे घेतलं कुणी?"

"ऱ्हायला आसंल चालू चुकून."

चुकून चालू राहिलेला कॅमेरा पिशवीचं अस्तर दाखवतो. पण माणसाला एखादं कारण पाहिजे असलं की जे मिळेल ते तो घेतो. हरिहररावांनी घेतलं.

३

दुसरी टेप देवरूखच्या मुंजीची होती. त्यात एक्केचाळीस सेकंद जादा आले. बटू भिक्षावळीची झोळी सांभाळत आईजवळ गेला, टेप संपली, आणि पुढे माळनाक्याचं तेच कार्यालय. चित्र आता पुढे सरकत होतं. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरून, संथपणे, खुर्च्यांच्या मधून दाराकडे. दार ओलांडून फाटकापर्यंत. तिथे ते थांबलं. रस्ता भर दुपारचा, पांढरा, रिकामा. मागून खर्रर्र.

ते सलिलच्या दुकानात गेले.

"डिस्कवर जुना डेटा असला की कधीकधी असं चिकटून येतं, काका."

"डिस्क सीलबंद होती ना?"

"हो, म्हणजे एकदम सीलबंद."

"मग जुनं कुठून आलं?"

सलिलने मान खाजवली. "तुम्ही अगदी वकिलासारखं विचारता."

"नाही रे. उत्तर ठाऊक असल्याशिवाय वकील विचारत नाही."

सलिलने येऊन कार्ड काढलं, रॅमचे दात खोडरबराने घासले, पुन्हा बसवलं. खाऱ्या हवेत हा उपाय निम्म्या रोगांना लागू पडतो. हे दुखणं उरलेल्या निम्म्यातलं निघालं.

४

तिसरी टेप वेळणेश्वरची. जादा तीन मिनिटं. चौथी अंजनवेलची, जादा साडेसहा.

गिऱ्हाइकाच्या फिल्ममधून हरिहरराव हा जादा भाग कापून टाकत. पण सापडलेलं पान फेकून द्यायचं नसतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. सुटं पान क्रमांक टाकून टाचायचं असतं. त्यांनी चारही तुकडे जपून ठेवले, त्यांना एक ते चार आकडे दिले, आणि एका दुपारी, निव्वळ सवयीने, एकापुढे एक जोडले.

चारही तुकडे चौकटीला चौकट जुळले. एकाचं चित्र जिथे थांबलं होतं, तिथूनच दुसऱ्याचं सुरू होत होतं. चार वेगवेगळ्या गावांतून, चार वेगवेगळ्या टेपांतून आलेलं ते एकच चालणं होतं.

ते कार्यालयातून निघून रस्त्याला लागलं होतं. दुकानं उघडी होती, पण दुकानांत कुणी नव्हतं. एका हॉटेलात गल्ल्याजवळच्या कपातून वाफ निघत होती. पुढे ते डावीकडे वळून जांभ्या दगडाची, पायऱ्यापायऱ्यांची पाखाडी उतरू लागलं. ती पाखाडी हरिहररावांनी पाहताक्षणी ओळखली. पस्तीस वर्षं ते तिथूनच छत्री टेकत घरी आले होते. कुठली पायरी हलते ते त्यांना ठाऊक होतं. चित्र त्या पायरीवर जरा कललं.

तुकडा संपला तिथे शेजारच्या वाडीचा दगडी गडगा होता, ढासळलेला. हा गडगा सोमवारी ढासळला होता. अंजनवेलची टेप रविवारची होती, आणि रविवारीच रात्री बाबूने ती हातात आणून दिली होती. तेव्हापासून ती कपाटात, कुलपात होती.

मनाची समजूत घालायला त्यांनी घड्याळ हातात धरून त्या गडग्यापासून आपल्या दारापर्यंत चालून पाहिलं. सावकाश चालत सहा मिनिटं दहा सेकंद लागले. मागचा तुकडा साडेसहा मिनिटांचा होता, आणि तुकडे वाढतच चालले होते.

घरी आल्यावर ते पद्मजाबाईंना म्हणाले, "दुपारचं पुढचं दार लावून घेत जा."

"का?"

"चोरबीर असतात."

"आपल्याकडे चोराला लागेल असं काय आहे? तुमची पुस्तकं?" त्या फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. "दिवसाउजेडी दार लावलं की लोक विचारायला येतात, घरात कुणाचं काय झालं म्हणून. मला नाही जमायचं ते."

"मग निदान कुणी आलं तर नाव विचारून आत घे."

"तहानलेल्या माणसाला आधी गूळपाणी, मग नाव. माझ्या सासूबाईंनी शिकवलंय मला, म्हणजे तुमच्याच आईने. तिच्याशी वाद घालायची तुमची छाती होती का कधी?"

नव्हती. हरिहररावांनी खोलीत जाऊन यंत्र बंद केलं, वर जुनी चादर टाकली, आणि बाबूला निरोप धाडला की डोळ्यांचा त्रास आहे, ह्यापुढे टेपा आणू नकोस.

५

आठ दिवस बरे गेले. वाडीत कुणी झावळी ओढली की ते खिडकीशी जात. दर वेळी झावळी ओढणारं माणूस दिसे, ओळखीचं असे, आणि त्यांना स्वतःचं हसू येई. यंत्राला माणसाचं घर कसं ठाऊक असणार? नव्या वस्तूला खोडी असतात. म्हातारपणी कल्पनाशक्ती सुटते. अशी कारणं त्यांनी मनात ओळीने लावून ठेवली.

नवव्या दिवशी बाबू स्वतःच आला. ओटीवर बसला आणि गूळपाणी प्यायला.

"डोळं कसं हायत, काका?"

"आहेत तसेच."

"आमच्या वाडीतला केरू गेला. पोरीच्या लग्नाला आठ दिस न्हवतं झालं. आंब्यावरनं पडला."

हरिहररावांनी रिकामं भांडं बाजूला सरकवलं.

"त्याचा फोटू नाय, काका. एक पण नाय. रेशनकार्डावर पण बायकोचाच. काशीवैनी भितीवर लावाया कायतरी द्या म्हणतेय. हाय तो ह्या टेपेत." बाबूने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली टेप काढली. "नि ह्याला पाणी लागलंय. तरीतनं उतरताना पिशवी खाडीत पडली. सुकवली मी, पन खारं पाणी हाय. एकदा चालंल. दुसऱ्यांदा नाय चालायची."

"दुसऱ्या कुणाकडे..."

"दोघांकडं जाऊन आलो. पाणी लागलेली टेप कोन आपल्या मशिनीत घालनार? आनि परवा पोर मुंबईला जातेय नवऱ्यासंगं. दर्शना. बापाला बघूनशान जाते म्हणतेय."

पद्मजाबाई दारातून ऐकत होत्या. "करतील रे ते," त्या म्हणाल्या. "डोळ्यांना काही झालेलं नाही त्यांच्या. माझ्या आमटीतला केस बरोबर दिसतो."

बाबू हसला नाही. टेप ओटीवर ठेवून तो तसाच बसून राहिला. हरिहररावांनी ती उचलली. कोपऱ्याला मीठ धरलं होतं.

६

रात्रभर त्यांनी विचार केला आणि पहाटे त्यांना मार्ग सुचला. प्रकरण जिथे दाखल होतं, तिथेच त्याची पानं येतात. यंत्र घरात होतं म्हणून ते चालणं घराकडे येत होतं. यंत्र दुसरीकडे नेलं तर?

सकाळी रिक्षा बोलावून त्यांनी पेटी सलिलच्या दुकानात नेली. मॉनिटर घरीच ठेवला, सलिलकडे दुसरा होता. मॉनिटरच्या वायरी टेबलावरून तशाच लोंबत राहिल्या. निघताना पद्मजाबाई ओटीवर उभ्या होत्या. ती घरी आहे आणि पेटी आपल्याबरोबर, ह्या विचाराने कितीतरी दिवसांनी त्यांना हलकं वाटलं.

टेप कुरकुरत चालू झाली. सलिल श्वास धरून बसला. नवी टोपी घातलेला केरू सारखा चौकटीच्या बाहेर जाऊ बघत होता. त्याला माणसं ओढून पुन्हा आत आणत होती. अक्षता टाकताना त्याचा नेम चुकला आणि सगळ्या भटजींवर पडल्या. पाठवणीच्या वेळी लेक गळ्यात पडली, तेव्हा हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी त्याने ते तिच्या डोक्यावर ठेवले. चित्रात पांढऱ्या रेघा आल्या, गेल्या. गाडी वळली. टेप आतल्या आत तुटल्याचा बारीक आवाज झाला.

हरिहररावांनी चष्मा पुसून आकडे पाहिले. कॅमेऱ्यावर सत्तेचाळीस मिनिटं बारा सेकंद. यंत्रात सत्तेचाळीस मिनिटं बारा सेकंद.

त्यांनी पुन्हा पाहिलं. एक चौकट कमी नाही, एक जास्त नाही. नव्या यंत्रावर पहिल्यांदाच मेळ बसला होता.

"बघा, खोडरबराने काम केलं शेवटी," सलिल म्हणाला आणि त्याने चहा मागवला. केरूचा हात लेकीच्या डोक्यावर आहे ती चौकट निवडून त्याने छापायला लावली, आणि सीडी भरायला घेतली. चहा पिताना हरिहरराव दोनदा हसले. अर्धा कप झाल्यावर त्यांच्या मनात आलं की पान जास्त येईनासं होतं, ते दोन कारणांनी. एक म्हणजे आणणारा थांबला. दुसरं म्हणजे त्याचं आणून झालं.

त्यांनी कप खाली ठेवला आणि दुकानातून घरी फोन लावला.

७

"काम झालं," ते म्हणाले. "तू काय करतेस?"

"बसलेय ओटीवर. बरं झालं फोन केलात. लवकर या, कुणीतरी आलंय तुमच्याकडे."

"कोण?"

"नाव नाही विचारलं अजून. उन्हातून आले, गूळपाणी पुढे केलं."

"पद्मा, दिसायला कसे आहेत?"



"उन्हाकडे पाठ करून उभे होते, त्यामुळे तोंड काही नीट..." पद्मजाबाईंचा आवाज खाली आला. "आणि हो, पाणी प्यायलेच नाहीत. भांडं तसंच आहे. तुमच्या खोलीकडे सारखे बघत होते, म्हणून मीच म्हटलं, आत बसा, येतीलच एवढ्यात."

"तू घरातून बाहेर पड. शेजारी जा."

"पाहुण्याला एकटं टाकून? बरं दिसतं का ते?"

"पद्मा, ऐक माझं."

"अहो, तुमचा आवाज असा काय येतोय? थांबा, ते आत काहीतरी..." आणि फोन ठेवल्याचा आवाज झाला. त्यांनी पुन्हा लावला. लागला, वाजत राहिला.

रिक्षात बसल्यावर त्यांना आपली चूक कळली. पस्तीस वर्षांत इतकी ढोबळ चूक त्यांनी केली नव्हती. ते प्रकरण यंत्रावर दाखल नव्हतंच. पहिल्यापासून ते घरावर दाखल होतं, आणि नेमक्या त्या दिवशी ते तिला घरात एकटी ठेवून पेटी घेऊन बाहेर पडले होते.

८

पाखाडी उतरताना त्यांना कुणी भेटलं नाही. दुपारचा एक वाजला होता. ह्या वेळेला कुणी भेटत नाहीच.

अंगणात ते थबकले. फाटकाच्या बेड्यापासून ओटीच्या पायरीपर्यंत मातीवर बारीक रेघा उमटल्या होत्या, फणी फिरवावी तशा. त्या पट्ट्यात पाऊल म्हणून एकही उठलेलं नव्हतं.

पद्मजाबाई ओटीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. सुखरूप होत्या.  पायरी चढून हरिहररावांनी बायकोचा हात धरला. लग्नात धरला होता त्यानंतर असा चारचौघांत कधी धरला नव्हता, आणि आता तर चारचौघेही नव्हते.

"चल," ते हळूच म्हणाले.

त्या जागच्या हलल्या नाहीत. त्या खोलीच्या पडद्याकडे बघत होत्या.

"पेटी तुम्ही घेऊन गेलात ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तो चालू कशावर आहे?"

पडद्याच्या कडेने निळसर उजेड येत होता. वारा आला, पडदा वीतभर सरकला, आणि फटीतून मॉनिटर दिसला. वायरी टेबलावरून तशाच लोंबत होत्या. काचेवर चित्र होतं. खोलीच्या आतून घेतलेलं, हलका हातकंप असलेलं. त्यात हाच पडदा होता, त्याची हीच फट होती, आणि फटीपलीकडे दुपारच्या उन्हात दोन म्हातारी माणसं एकमेकांचा हात धरून उभी होती.

"अहो," पद्मजाबाई म्हणाल्या, "हे आपणच की."

चित्र बसलेल्या माणसाच्या उंचीवरून घेतलेलं होतं. ते सावकाश वर उचललं गेलं, उभ्या माणसाच्या छातीइतकं. खोलीतल्या फरशीवरून काहीतरी सुकं सरकलं.

आणि चित्रातला पडदा जवळ येऊ लागला.